साधारण म्हणजे किती?

अण्णांसमोर ‘साधारण’ म्हणायचं नाही, हे आमच्या सोसायटीतला नवा भाडेकरूसुद्धा पहिल्याच आठवड्यात शिकतो. लिफ्टपाशी उभ्या उभ्या तो सहज विचारतो, “काका, इथे दूधवाला साधारण किती वाजता येतो?” अण्णा चष्म्यावरून बघतात. “साधारण म्हणजे किती?” भाडेकरूला वाटतं, काकांना कमी ऐकू येत असावं. तो आवाज चढवून पुन्हा विचारतो. तोवर अण्णांच्या खिशातून घडी घातलेला कागद बाहेर आलेला असतो.

“सहाची वेळ धरा. ५० दिवसांच्या नोंदी आहेत. १० दिवस वेळेवर. २० दिवस ५ मिनिटं उशीर. १० दिवस १० मिनिटं. ५ दिवस १५ आणि ५ दिवस २०. आता गुणा.”

भाडेकरूच्या हातात भाजीची पिशवी असते. तो गुणत नाही. अण्णाच गुणतात. “उशीर गुणिले वारंवारता. बेरीज ३७५. भागिले ५०. साडेसात मिनिटं. म्हणजे दूध सहा वाजून साडेसात मिनिटांनी अपेक्षित.” भाडेकरू ‘थँक्यू’ म्हणून लिफ्टमध्ये पाऊल टाकतो. अण्णा लिफ्टचं दार धरून ठेवतात. “अहो थांबा. ही नुसती सरासरी झाली. सरासरी कुणीही सांगेल. विचलन कोण सांगणार?”

असे अण्णा प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. कुठे ते पाण्याच्या टाकीचा हिशेब ठेवतात, कुठे पेट्रोलचा, कुठे लग्नाच्या पंगतींचा. नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या गल्लीत ते सगळ्याचाच ठेवतात. विद्या विकास सर्कलपासून आनंदवल्लीपर्यंत ज्या ज्या घटनेला वेळ, वजन किंवा किंमत आहे, ती अण्णांच्या वहीत आहे. वही लांब, दोनशे पानी, पुठ्ठ्याची. पेन्सिल कानावर. नोंद करायची पद्धत शाळेतली: चार उभ्या खुणा आणि पाचवी आडवी. कॅल्क्युलेटर जुना, सरकत्या झाकणाचा, आठाचं बटण दोनदा दाबावं लागणारा. नातीने मोबाइलमधला दाखवला तर म्हणाले, “त्यात उत्तर येतं, हिशेब येत नाही.”

अण्णांची सगळी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात झाली, क्वालिटी कंट्रोलमध्ये. लेथवरून उतरलेले शाफ्ट मायक्रोमीटरने मोजायचे, तक्त्यावर टिंब काढायचं आणि टिंब लाल रेषेबाहेर गेलं की मशिन थांबवायचं. हा तक्ता शूहार्ट नावाच्या माणसाने १९२४ मध्ये अमेरिकेत टेलिफोनच्या कारखान्यासाठी काढला. मधे सरासरीची रेषा, तीन सिग्मा, म्हणजे तीन विचलनं, वर एक लाल, तीन सिग्मा खाली एक लाल. रिटायर होताना लोक घड्याळ घेऊन घरी येतात. अण्णा हा तक्ता घेऊन आले आणि स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवला. आता मोजायला शाफ्ट नव्हते. गॅसचा सिलिंडर होता.

काकू आधीपासून सिलिंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहायच्या. अण्णांनी जुनी कॅलेंडरं माळ्यावरून काढून प्रत्येक सिलिंडर किती दिवस पुरला ते मांडलं. सगळी टिंबं रेषांच्या आत, गुण्यागोविंदाने. एकच टिंब खालच्या लाल रेषेच्या बाहेर. अण्णा कामाला लागले. शेगडी तपासली, नळी तपासली, साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघितले. शेवटी काकूंना विचारलं, “त्या महिन्यात विशेष काय घडलं होतं?” काकू भाजी चिरता चिरता म्हणाल्या, “तुमची बहीण आली होती. तीन आठवडे.” अण्णांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘विशेष कारण सापडले. प्रक्रिया ठीक.’ तो शेरा आत्याबाईंनी पुढच्या खेपेला वाचला. पुढे काय झालं ते अण्णा सांगत नाहीत, पण तक्ता आता फ्रीजच्या मागच्या बाजूला आहे.

विचलनावर अण्णांचा जीव का, हे समजायला दूधवाला आणि पेपरवाला ही जोडी बघावी. दूधवाल्याची सरासरी साडेसात मिनिटं, पण विचलन ६. ते कसं निघतं, हे अण्णा जिन्यात पाय दुखेपर्यंत सांगतात: प्रत्येक उशीर सरासरीपासून किती लांब ते बघायचं, त्याचा वर्ग करायचा, वारंवारतेने गुणायचं, बेरजेला ५० ने भागायचं, सव्वाछत्तीस येतात, त्याचं वर्गमूळ. “वर्ग कशाला करायचा?” असं मी एकदा विचारलं. अण्णा खूश झाले. “वर्ग नाही केला तर लवकरवाले उशीरवाल्यांना खाऊन टाकतात. वजा-अधिक सगळं मिटतं, बेरीज शून्य येते. मग कागदावर दूधवाल्यासारखा गुणी माणूस नाही!”

पेपरवाला मुलगा मात्र रोज १२ मिनिटं उशिरा येतो. रोज. विचलन १ मिनिट. दिवाळीला अण्णा त्याला दूधवाल्याच्या दुप्पट देतात. दूधवाल्याला हे कळलं तेव्हा तो जिन्यातच रागावला. “काका, मी तर त्याच्या आधी येतो!” अण्णा शांतपणे म्हणाले, “आधी येतोस रे, पण कधी आधी ते कळत नाही. त्याच्यावर मी चहा टाकू शकतो.”

अण्णांची माणसं पारखण्याची रीतही हीच. उशीर चालतो, महाग चालतं, तिखट चालतं. रविवारी मळ्यातली मिसळ खायला गेलो की रश्श्याला ते कधी नाव ठेवत नाहीत. पण मागच्या रविवारी जाळ होता आणि आज पाणी आहे, हे त्यांना सहन होत नाही. पापड मोडता मोडता मान हलवतात. “सरासरी उत्तम. विचलनाने घात केला.” व्याख्यानाला गेले तर वक्ता काय बोलला ते घरी आल्यावर आठवत नाही, कार्यक्रम किती मिनिटं उशिरा सुरू झाला आणि आभारप्रदर्शन किती लांबलं, ते तोंडपाठ असतं.

पण उपयोग होतो, हे कबूल केलं पाहिजे. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडायची असली की सगळी सोसायटी अण्णांना विचारून निघते. गंगापूर रोडवरून नाशिकरोड स्टेशनला किती वेळ लागतो, हे त्यांनी वारांप्रमाणे काढलंय. “सरासरी वेळ धरून निघालात तर दोनातून एकदा गाडी चुकणार,” ते बजावतात. “सरासरी म्हणजे जवळपास निम्मे दिवस त्याच्यावर. वर दोन विचलनं टाका आणि निघा.” त्याप्रमाणे निघालेली माणसं स्टेशनवर बाकावर बसून अर्धा अर्धा तास पेंगतात, पण गाडी चुकल्याचं ऐकिवात नाही.

अण्णांची दोन दैवतं आहेत. पहिलं आपल्या देवळालीचं: द. रा. कापरेकर. शाळामास्तर, १९०५ चा जन्म, नोकरी सांभाळून आयुष्यभर आकड्यांशी खेळले. पार्किंगमध्ये नवी गाडी दिसली की अण्णा मुलांना गोळा करतात. “नंबर काय? ३५२४? आकडे उतरते मांडा, ५४३२. चढते मांडा, २३४५. वजा करा.” ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८. “किती?” मुलं ओरडतात, “६१७४!” चारही आकडे सारखे नसले की कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ वर येता आणि तिथेच राहता. मार्टिन गार्डनरने १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मासिकात कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला देवळाली कळली. अण्णांची भक्ती मात्र वेगळ्या कारणासाठी आहे. “कुठूनही निघा, तिथेच पोचता. विचलन शून्य! असा दूधवाला मिळाला असता तर…”

दुसरं दैवत दामोदर धर्मानंद कोसंबी. त्यांच्याकडे मी नंतर येतो. अण्णाही जेवण झाल्याशिवाय कोसंबींवर येत नाहीत.

पावसाळ्यात अण्णांचा खरा हंगाम. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं नाशिक एकच प्रश्न विचारतं: दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं? गोदाघाटावरचा हा मारुती म्हणजे आमच्या गावाची पूर मोजायची पट्टी. पायाला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला, छातीला, गळ्याला. जुनी माणसं त्यापुढे नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला पाणी लागलं का, याची चौकशी करतात. अण्णांना ही पद्धत मनापासून आवडते आणि तितकीच छळते. “ही वर्गांतरं आहेत,” ते पुलावरच्या गर्दीत मला समजावत होते. “गुडघा ते कंबर हा एक वर्ग. सरासरी काढायची तर वर्गमध्य पाहिजे. गुडघा आणि कंबर यांचा वर्गमध्य काय?” शेजारी छत्री धरून उभा असलेला एक रिक्षावाला गंभीरपणे म्हणाला, “मांडी.” अण्णांनी त्याच्याकडे अशा कौतुकाने बघितलं की रिक्षावाला बावरला.

मग १९६९, २००८, २०१६, २०१९ ही वर्षं निघाली. मोठ्या पुरात मारुतीच दिसेनासा होतो. डोक्यावरून गेलेल्या पाण्याला वरची मर्यादा कोणती लिहायची? अण्णांच्या भाषेत तो खुला वर्ग. खुल्या वर्गाला मध्य नसतो, म्हणून सरासरी निघत नाही. “अशा वेळी मध्यक काढावा,” ते म्हणाले. रिक्षावाला म्हणाला, “अशा वेळी घरी जावं काका, पाणी वाढतंय.” दोघांचंही बरोबर होतं. आम्ही रिक्षावाल्याचं ऐकलं.

अण्णांना निरुत्तर करणारी माणसं थोडी. त्यांत पहिला नंबर काकूंच्या धाकट्या भावाचा. निफाड तालुक्यात त्यांची शेती, कांदा लासलगावला जातो. एकदा जेवताना अण्णांनी बाजारभावाचं कात्रण पुढे केलं: कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी. “सरासरी बरी आहे की यंदा.” मेव्हण्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. “दाजी, सरासरी भाव पेपरात रोज येतो. माझा ट्रॅक्टर रोज जात नाही. ज्या दिवशी गेला, त्या दिवशीचा भाव माझा.”

अण्णा त्या रात्री गप्प होते. दुसऱ्या दिवशी वहीत नवं पान निघालं: ‘कांदा’. पुढच्या भेटीत त्यांनी तोड सांगितली. “सगळा माल एका दिवशी नेऊ नका. महिन्या महिन्याने चार खेपा करा. चार भावांची सरासरी पडेल, विचलन निम्म्यावर येईल.” मेव्हण्यांनी मान डोलावली. “आणि ट्रॅक्टरचं भाडं चौपट. शिवाय चौथ्या खेपेपर्यंत चाळीत सडलेला कांदा कोणत्या वर्गात धरायचा?” अण्णांनी पेन्सिल कानावर परत ठेवली. पण त्या पानावरच्या नोंदी अजून चालू आहेत, आणि रोज संध्याकाळी निफाडला फोन जातो. भाव मेव्हण्यांना आधीच कळलेला असतो. ते तसं सांगत नाहीत.

गणपतीत अण्णा लकी ड्रॉच्या तिकिटांपासून सुरुवात करतात. पोरं दारात येतात: तिकीट २० रुपये, एकूण ५०० तिकिटं, पहिलं बक्षीस ३००० चा मिक्सर, मग २०० रुपयांचे पाच डबे. अण्णा त्यांना चटईवर बसवतात. “बक्षिसं किती रुपयांची? ४०००. भागिले ५००. एका तिकिटाचं अपेक्षित मूल्य ८ रुपये. तुम्ही ८ रुपयांची वस्तू २० ला विकताय.” पोरांचे चेहरे पडतात. जुगाऱ्यांच्या पैजेवरून १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांच्यात पत्रं गेली आणि त्यातून हा हिशेब जन्माला आला, हेही त्यांना ऐकावं लागतं. मग अण्णा पाकीट काढतात. “८ रुपये नशिबाचे, १२ रुपये वर्गणीचे. पाच तिकिटं द्या.” पोरं आता दरवर्षी आधी अण्णांकडेच येतात, चटईसुद्धा स्वतःच घालतात.

प्रसादाची गोष्ट मात्र गल्लीत अजून सांगितली जाते. संध्याकाळच्या आरतीच्या प्रसादाचं काम वर्षानुवर्षं काकूंकडे. माणशी एक पेढा, रोज चाळीस. रोज थोडे उरायचे आणि ते अण्णांना खुपायचं. एका वर्षी त्यांनी दहाही दिवस आरतीला उभं राहून डोकी मोजली. टाळ्या वाजवायच्या सोडून हे खुणा करत होते. २० माणसं एक दिवस, २५ दोन दिवस, ३० चार दिवस, ३५ दोन दिवस, ४० एक दिवस. सरासरी बरोब्बर ३०. पुढच्या वर्षी त्यांनी जाहीर केलं: पेढे तीसच येणार, जादा खर्च बंद.

गर्दीची तऱ्हा पुढच्या वर्षीही तशीच निघाली. म्हणजे दहातले तीन दिवस पेढे कमी पडले. दोन दिवस पाच-पाच, आणि गौरीजेवणाच्या संध्याकाळी, पाहुणेरावळे धरून, चक्क दहा. रिकामा हात घेऊन उभ्या राहिलेल्या दहांत सोसायटीच्या चेअरमनच्या सासूबाई होत्या. काकूंनी घरी पळत जाऊन खोबरं-साखर आणली आणि इज्जत राखली.

त्या रात्री अण्णा विचलन काढत बसले. सरासरीपासूनच्या फरकांचे वर्ग, गुणिले वारंवारता, बेरीज ३००. भागिले १०. वर्गमूळ ५.४८. सरासरीवर दोन विचलनं टाकली तर ४१. अण्णांनी आकड्याकडे बघितलं, मग काकूंकडे. “तू चाळीस कशावरून म्हणायचीस?”

“कशावरून काय? माणसं धरायची तीस, आणि वर दोन मुठी. दारी आलेल्याला कमी पडू नये.”

“तुझ्या एका मुठीत पेढे किती मावतात?”

काकूंनी हाताकडे बघून हिशेब केला. “पाच. लहान असले तर साडेपाच.”

अण्णा उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ गंगापूर रोडच्या दिव्यांकडे बघत राहिले. संख्याशास्त्रज्ञ पिअरसनने १८९४ मध्ये ज्या विचलनाला नाव दिलं, ते काकूंच्या माहेरी मुठीने मोजत होते! तेव्हापासून प्रसाद पुन्हा काकूंकडे आहे. उरलेले पेढे अण्णा निमूटपणे खातात.

पण प्रकरण तिथे मिटलं नाही. अण्णांची नात केटीएचएम कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. तिने सकाळी टेबलावरचा कागद बघितला. “आजोबा, भागाकार चुकला. १० ने नाही, ९ ने. एन वजा एक. ५.४८ नाही, ५.७७.”

अण्णांच्या हिशेबात कुणी चूक काढणं ही आमच्या जिन्यात ऐतिहासिक घटना होती. “एन वजा एक नमुन्याला,” ते म्हणाले. “पोत्यातून मूठभर गहू काढून पोत्याबद्दल बोलायचं असेल तर. इथे गणपती दहा दिवस, मोजले दहा दिवस. एकही सुटला नाही. ही समष्टी आहे. एननेच भागायचं.”

नात म्हणाली, “मग विसर्जनाला ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणून कोण ओरडत होतं? या वर्षीच्या आकड्यावर पुढच्या वर्षीचे पेढे ठरवायचे असतील, तर हे दहा दिवस नमुनाच झाले.”

दोन दिवस घरात अबोला. काकूंचं मत असं की ५.४८ काय आणि ५.७७ काय, मूठ तीच. पण हा वाद तत्त्वाचा होता. अण्णा अजूनही एनने भागतात, नात एन वजा एकने, आणि घरातल्या प्रत्येक पानावर शेजारी शेजारी दोन उत्तरं असतात.

आता कोसंबी. गोव्यातल्या कोसबें गावचे, १९०७ चा जन्म, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे. प्राचीन आहत नाणी समोर आली तेव्हा नुसती ठशांची चिन्हं ओळखत बसण्याऐवजी या माणसाने तराजू घेतला आणि हजारो नाण्यांचं एकेक करून वजन केलं. आजची, चालू नाणीही तोलून पाहिली. निघालं ते असं: नाणं चलनात जितकं फिरतं तितकं झिजतं, म्हणून सरासरी वजन घटत जातं, पण सगळी सारखी झिजत नाहीत, म्हणून विचलन वाढत जातं. एवढ्यावरून कोणता साठा किती हातांतून फिरला, ते सांगता येतं. अण्णा हे सांगताना आवाज खाली आणतात. “शिलालेख नाही, पोथी नाही. नुसती वारंवारता. आणि दोन हजार वर्षांपूर्वीचा बाजार बोलायला लागला.”

एकदा असंच कोसंबी सांगून झाल्यावर त्यांनी वहीतलं एक पान दाखवलं. गोदापार्कवरच्या त्यांच्या सकाळच्या फेरीच्या वेळा. रिटायर झाले तेव्हाची सरासरी ३२ मिनिटं, विचलन १. आता ३८, विचलन ५. “बघ,” ते म्हणाले, “आपणही नाणीच. फिरलो, झिजलो. सरासरी गेली ती गेली, एकसारखेपणाही गेला.” मला काय बोलावं सुचेना. आतून काकूंचा आवाज आला, “झिजलात कसले! टपरीवर चहाला थांबता. ज्या दिवशी जोशी भेटतात त्या दिवशी दोन कप. मला वास येत नाही का आल्याचा?” अण्णांनी पान मिटलं. शेऱ्याच्या रकान्यात ‘विशेष कारण सापडले’ लिहिलं की नाही, ते मी बघितलं नाही.

लोक अण्णांना हसतात, पण सेक्रेटरीची निवडणूक आली की एकमुखाने अण्णाच. उन्हाळ्यात टँकर किती लागतील, लिफ्टचा खर्च किती धरावा, कोणत्या महिन्यात कामवाल्या मावशी गावी जातात, सगळं त्यांना ठाऊक. मावशींच्या सुट्ट्यांचं पानही आहे. मावशींनी ते एकदा स्वतः मागून घेतलं आणि दाखवून दिलं की पगार कापलेल्या दिवसांपेक्षा जादा केलेल्या कामाचे दिवस जास्त आहेत. अण्णांनी पुन्हा बेरीज केली आणि पगार वाढवला. शेजारच्या तीन घरांनाही वाढवायला लावला. आकडा आपल्या विरुद्ध निघाला म्हणून त्यांनी तो कधी खोडला नाही. हिशेबी म्हणवणाऱ्या माणसांत हा गुण मी फार वेळा बघितलेला नाही.

परवा नातीला बघायला मुलगा आला होता. म्हणजे दोघांचं आधीच जमलेलं, आता घरच्यांनी एकमेकांना बघायचं. अकराची वेळ ठरली होती. मंडळी अकरा वीसला आली. अण्णांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, काकूंनी अण्णांकडे. पोहे झाले, चहा झाला. मुलगा शांत, नीटनेटका, हसरा. अण्णांनी पत्रिका विचारली नाही, पगार विचारला नाही. विचारलं, “ऑफिसातून घरी किती वाजता येता?”

मुलगा खरं बोलला. “ठरलेलं नसतं आजोबा. कधी सहा, कधी दहा.”

अण्णांचा चेहरा उतरला. मंडळी गेल्यावर ते बराच वेळ खुर्चीत बसून होते. मग त्यांनी वही उघडली, कोऱ्या पानावर तारीख घातली, ‘उशीर: २० मिनिटं’ असं लिहून शेजारी एक उभी खूण केली आणि नातीला म्हणाले, “मुलगा चांगला आहे गं. पण विचलन मोठं दिसतंय.”

नात कपबशा गोळा करत होती. ती थांबली, वहीत डोकावली.

“आजोबा, नोंद एकच आहे. तुमच्या सूत्राने एकाने भागलं तर विचलन शून्य येतं, म्हणजे असा वक्तशीर मुलगा त्रिभुवनात नाही. माझ्या सूत्राने एकातून एक वजा, खाली शून्य, आणि शून्याने भाग जात नाही, म्हणजे अजून काही सांगताच येत नाही. कोणतं धरायचं बोला.”

अण्णा पेन्सिलीशी चाळा करत राहिले. अखेर पुटपुटले, “एन वजा एक.”

“मग निदान दोन नोंदी लागतात,” नात म्हणाली. “त्याला पुन्हा बोलवा.”